तोंडाच्या कर्करोगात दाहाची संदेशवाहक प्रथिने रोग मानेपर्यंत कशी पोहोचवतात?

प्रश्न : अभिस्तर (ओरल पॅथॉलॉजीची पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर)

नमस्कार. गालाच्या आतल्या बाजूच्या कर्करोगाचे दोन नमुने अलीकडे एकापाठोपाठ माझ्याकडे तपासणीला आले. दोन्ही रुग्ण चाळिशीतले पुरुष असून दोघांनाही बरीच वर्षे खर्रा खाण्याची सवय होती. ज्यांना खर्रा माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते की, सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून तो तयार करतात आणि विदर्भात तो कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. दोन्ही गाठी सुमारे तीन सेंटिमीटरच्या होत्या, पेशींची प्रत (ग्रेड) दोन्हींत मध्यम होती आणि आक्रमणाच्या खोलीतही फारसा फरक नव्हता. तरीही एका रुग्णाच्या मानेतील सर्व लसिकाग्रंथी (बचावपेशी जिथे जमतात त्या लहान गाठी) स्वच्छ निघाल्या, तर दुसऱ्याच्या जबड्याखालच्या दोन ग्रंथींत रोग सापडला आणि त्यांपैकी एकीत तो वेष्टण फोडून बाहेरच्या चरबीत शिरला होता.

दोन्ही अहवालांत दाहपेशींचा दाट भरणा असल्याची नोंद आहे आणि माझी अडचण इथूनच सुरू होते. दाह हा शरीराचा बचाव आहे, त्यामुळे गाठीभोवती लिम्फोसाइट या बचाव करणाऱ्या पांढऱ्या पेशी जमलेल्या दिसणे हे चांगले लक्षण मानावे, असे आम्हाला शिकवले गेले. दुसरीकडे इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, टीजीएफ-बीटा यांसारखी दाहाची संदेशवाहक प्रथिनेच कर्कपेशींना हलायला आणि पसरायला मदत करतात, असे शोधनिबंधांत वारंवार वाचायला मिळते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? ही प्रथिने नेमके काय करतात, की ज्यामुळे गालातली पेशी मानेत जाऊन वसते? आणि लाळेतील किंवा रक्तातील त्यांचे प्रमाण मोजून कोणत्या रुग्णाच्या मानेत रोग जाईल हे आधी सांगता येईल का? प्रबंधाचा विषय ठरवायचा असल्याने कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : सूक्ष्मदर्शी (पॅथॉलॉजिस्ट, पुणे)

प्रश्न फार नेमका मांडला आहे. 'दाहपेशींचा दाट भरणा' हे शब्द आपण अहवालात सवयीने लिहितो. कोणत्या पेशी, कुठे आणि किती, हे न लिहिल्यामुळे त्यांतून पुढे काहीच कळत नाही, म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करते.

गाठीत पांढऱ्या पेशी दिसतात हे रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ सालीच नोंदवले होते आणि सततच्या दाहातून कर्करोग उद्भवत असावा असा तर्कही मांडला होता. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांनी गाठ म्हणजे कधीच न भरणारी जखम आहे असे प्रतिपादन केले. ही कल्पना समजून घेतली की तुमच्या कोड्याचा अर्धा भाग सुटतो. साध्या जखमेत काय घडते ते पाहा. कडेच्या अभिस्तरातील, म्हणजे पृष्ठभाग झाकणाऱ्या थरातील, पेशी एकमेकींना धरलेला हात सोडतात, चपट्या होतात, सरकत सरकत उघड्या जागेवर जातात आणि जखम झाकली गेली की पुन्हा एकमेकींना घट्ट चिकटतात. त्यांना 'सुटा, सरका' हा निरोप दाहाची आणि दुरुस्तीची प्रथिनेच देतात. जखम भरली की तो निरोप थांबतो. कर्करोगात तो थांबत नाही आणि ज्या पेशींपर्यंत तो पोहोचत राहतो त्यांच्या जनुकांत आधीच बिघाड झालेला असतो. बचाव आणि प्रसार ही दोन्ही कामे या एकाच यंत्रणेत सामावलेली आहेत, त्यामुळे तुम्हाला दिसलेला विरोध वरवरचा आहे.

आता तुमच्या काचांकडे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतीच्या कापांकडे, वळू. दोन्ही नमुन्यांत गाठीचा मधला भाग बाजूला ठेवा आणि आक्रमणाच्या आघाडीवर, म्हणजे गाठ जिथे स्नायूला किंवा चरबीला भिडते त्या कडेवर, मोठ्या भिंगाखाली सावकाश फिरा. ज्या गाठीच्या मानेतील ग्रंथी स्वच्छ निघाल्या तिची कड बहुधा रुंद आणि एकसंध दिसेल आणि तिला लागून लिम्फोसाइटचा जाड पट्टा असेल. दुसऱ्या गाठीत कड फाटलेली दिसण्याची शक्यता मोठी आहे. चार किंवा त्याहून कमी पेशींचे पुंजके आणि सुट्या एकट्या पेशी तंतुमय ऊतीत शिरलेल्या, भोवती तंतू बनवणारे लांबट फायब्रोब्लास्ट दाटीवाटीने उभे, मध्ये मॅक्रोफेज या भक्षक पेशी, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तर थेट कर्कपेशींच्या पुंजक्यात घुसलेल्या, असे ते दृश्य असते. ई-कॅडहेरिनचे रंजन केले (ते दिसावे म्हणून काचेला रंग दिला) तर गाठीच्या मध्यभागी प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कडे स्पष्ट उमटते. आघाडीवरच्या सुट्या पेशींत मात्र ते तुटक होते, फिकट होते किंवा नाहीसेच होते. ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी जोडणारे प्रथिन असल्यामुळे पेशी सुटत आहेत याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे.

या आघाडीबद्दलचे सर्वांत पटणारे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बॉस्टनच्या संशोधकांनी डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या १८ रुग्णांच्या गाठींतील सुमारे ६,००० पेशी एकेक करून तपासल्या. काही कर्कपेशी अभिस्तराचे गुण पूर्णपणे न सोडता अर्धवट हालचाल्या बनतात, त्या नेमक्या आघाडीवर फायब्रोब्लास्टच्या शेजारी सापडतात आणि ज्या गाठींत हे चित्र ठळक असते तिथे मानेच्या ग्रंथींत रोग जाण्याचे प्रमाण जास्त असते, असे त्यात आढळले. प्रयोगशाळेत टीजीएफ-बीटा दिल्यावर पेशींत हेच रूपांतर वाढत असल्याचेही दिसले. पेशी पूर्ण रूप पालटतात असे जुनी पाठ्यपुस्तके सांगत असत. तोंडाच्या कर्करोगात प्रत्यक्षात दिसते ती ही अर्धीमुर्धी अवस्था असते, आणि माझ्या मते ती अधिक धोक्याची आहे, कारण अशी पेशी सरकूही शकते आणि नव्या जागी पोहोचल्यावर पुन्हा घट्ट वस्तीही करू शकते.

प्रतिसाद २ : पेशीसंवर्धन (संशोधक, मुंबई)

वरील प्रतिसाद फार सुंदर आहे. मी त्यात रेणूंच्या पातळीवरची भर घालतो. प्रत्येक प्रथिनाचे एकच काम असते ही समजूत मात्र आधी सोडावी लागेल. गावात दवंडी एकच पिटली जाते, पण ती ऐकून शेतकरी एक काम करतो आणि दुकानदार दुसरे. ही प्रथिनेही तशीच आहेत, कारण परिणाम ऐकणाऱ्या पेशीवर ठरतो.

इंटरल्यूकिन-६ पासून सुरुवात करू, कारण तोंडाच्या कर्करोगात त्याचा अभ्यास भरपूर झाला आहे. हे प्रथिन कर्कपेशी स्वतः बनवतात, फायब्रोब्लास्ट बनवतात आणि मॅक्रोफेजही बनवतात. ते पेशीवरच्या आपल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटले की जीपी-१३० हे शेजारचे प्रथिन जोडले जाते, पेशीच्या आतल्या बाजूला जॅक नावाची एन्झाइम जागी होतात आणि ती स्टॅट-३ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. असे फॉस्फेट चढलेले स्टॅट-३ जोडीने केंद्रकात जाते आणि पेशीने मरू नये, वाढत राहावे, हलावे यासाठीची जनुके चालू करते. त्यांत स्नेल हे एक महत्त्वाचे प्रथिन असते आणि ते ई-कॅडहेरिनचे जनुक दाबून टाकते. सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेले तपकिरी कडे फिके का पडते, याचे एक कारण ही साखळी आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातील गटाने २०११ मध्ये जिभेच्या कर्करोगाच्या पेशींत इंटरल्यूकिन-६ मुद्दाम वाढवून त्या उंदरांत घातल्या, तेव्हा लसिकाग्रंथी आणि फुप्फुसे या दोन्हींकडे होणारा प्रसार स्पष्टपणे वाढला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण कार्यकारणाचा असा थेट पुरावा माणसांत मिळवता येत नाही.

निरोगी पेशीत या निरोपाला लगाम असतो. स्टॅट-३ चालू झाले की सॉक्स-३ नावाचे प्रथिन तयार होऊन ते जॅकला थोपवते. डोके आणि मानेच्या कर्करोगांत सॉक्स-३ चे जनुक अनेकदा रासायनिक खुणांनी बंद झालेले आढळते. शिवाय, स्वतःच बनवलेले इंटरल्यूकिन-६ स्वतःच ऐकत राहण्याचे चक्रही सुरू होते. त्यामुळे बाहेरचा दाह ओसरला तरी पेशीतला निरोप चालू राहतो.

दुसरी मोठी साखळी एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाची आहे. ते १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधले. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि इंटरल्यूकिन-१-बीटा हे दोघे त्याला चालना देतात आणि मग ते इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि कॉक्स-२ (दाह वाढवणारे एन्झाइम) यांची जनुके चालू करते. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरची कहाणी विशेष लक्षात ठेवावी. १९७५ मध्ये उंदरांतील गाठी कुजवणारा घटक म्हणून तो नावारूपाला आला, पण पुढे १९९९ मध्ये ज्या उंदरांत तो मुळीच तयार होत नाही त्यांना त्वचेच्या गाठी कमी होतात असे दिसले. एकदम मोठ्या प्रमाणात दिला तर मारक आणि वर्षानुवर्षे थोडा थोडा झिरपत राहिला तर पोषक, असा तो आहे. खर्रा, मावा किंवा गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात हेच थोडे थोडे झिरपणे दिवसभर चालू असते. सुपारीचा अर्क अभिस्तराच्या पेशींवर टाकला की कॉक्स-२, इंटरल्यूकिन-६ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर वाढतात, हे संवर्धनातील प्रयोगांत दिसले आहे. चुन्याच्या क्षारतेत सुपारीतील पॉलिफेनॉलपासून ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात, ते वेगळेच.

पेशी सुटली तरी तिला वाट हवी. इंटरल्यूकिन-८ न्यूट्रोफिलना बोलावते, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज एमएमपी-९ हे एन्झाइम सोडतात आणि अभिस्तराखालचा कोलॅजन-४ चा पडदा त्याने विरघळतो. व्हीईजीएफ-सी हे प्रथिन नव्या लसिकावाहिन्या फुटायला लावते. यापुढचा टप्पा मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो. लसिकाग्रंथी सीसीएल-२१ हे केमोकाइन (पेशींना आपल्याकडे ओढणारे प्रथिन) सतत सोडत असतात, कारण संसर्गाची बातमी घेऊन येणाऱ्या डेंड्रायटिक पेशींना ग्रंथीपर्यंत आणण्याचा तो मार्ग आहे. त्या पेशींच्या अंगावर सीसीआर-७ हा रिसेप्टर असतो. तोंडाच्या काही कर्करोगांत कर्कपेशीही हा रिसेप्टर धारण करतात आणि बचावासाठी आखलेल्या वाटेनेच मानेत पोहोचतात. अभिस्तर यांनी गालातली पेशी मानेत जाऊन कशी वसते असे विचारले होते, त्याचे बरेचसे उत्तर इथे आहे. सीएक्ससीआर-४ आणि सीएक्ससीएल-१२ ही अशीच आणखी एक जोडी आहे आणि दूरच्या अवयवांकडे होणाऱ्या प्रसारात तिचा विचार केला जातो.

जबड्याच्या हाडाबद्दलही थोडे लिहितो, कारण आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्या खाचेतला कर्करोग फार दिसतो आणि तो हाडाला लवकर भिडतो. कर्कपेशी स्वतः हाड खात नाहीत. त्यांच्या आणि भोवतालच्या पेशींच्या इंटरल्यूकिन-६ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरमुळे रँकएल हे प्रथिन वाढते, त्याने हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात आणि त्यांनी पोखरलेल्या जागेत गाठ शिरते.

प्रतिसाद ३ : शल्यविशारद (डोके व मान शस्त्रक्रिया, मुंबई)

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून आनंद झाला, पण शस्त्रक्रियागृहात निर्णय कशावर होतो हेही या चर्चेत यायला हवे.

मानेत गाठ हाताला लागत नसतानाही तिथे रोग लपलेला असू शकतो. अशा सुरुवातीच्या रुग्णांत मानेच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा वाद जगभर अनेक दशके चालला. तो मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या चाचणीने मिटवला. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच ग्रंथी काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते आणि थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. पहिल्या गटात वरून मान निर्दोष वाटलेल्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली रोग सापडला. याचा दुसरा अर्थ असा की, उरलेल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या मानेत रोग नसताना त्यांनी ही शस्त्रक्रिया सोसली. खांदा दुखणे, हात पूर्ण वर न जाणे, मानेची बधिरता हे त्रास ज्यांना होतात त्यांच्यासाठी ते लहान नसतात. त्यामुळे कोणाच्या मानेत रोग जाणार हे आधी सांगणारी एखादी प्रथिनाची तपासणी खरोखर विश्वासार्ह ठरली तर आम्हा सर्जनांना ती हवीच आहे.

आज मात्र आम्ही मुख्यतः आक्रमणाची खोली, स्कॅन आणि सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने केलेली तपासणी यांवर चालतो. गाठीची अवस्था ठरवताना खोली मोजण्याचा नियम अवस्थानिश्चितीच्या आठव्या आवृत्तीपासून आला आणि तो उपयोगी ठरला. अभिस्तर यांना एक सूचना करतो. दोन्ही नमुन्यांची खोली शेजारच्या निरोगी अभिस्तराच्या तळापासून काटकोनात मोजली होती का, हे पुन्हा तपासा. बाहेर फुगलेल्या गाठीची जाडी आणि तिची खोली या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'सारखीच खोली' असे म्हटलेल्या जोड्यांमध्ये पुष्कळदा मोजण्याची पद्धत सारखी नसते.

दाहाचा आणखी एक घोळ आम्हाला रोज भेटतो. दात किडलेले, हिरड्यांत पू आणि गालात व्रण असलेल्या रुग्णाच्या जबड्याखालच्या ग्रंथी नुसत्या संसर्गानेही मोठ्या होतात. ग्रंथी मोठी झाली म्हणजे रोग तिथे गेलाच, असे मानून घाबरू नये. ती मोठी नाही म्हणून निर्धास्तही राहू नये.

पुन्हा : अभिस्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. खोली मोजण्याची सूचना लगेच अमलात आणते. लाळेबद्दल मात्र उत्तर राहिले. लाळ सहज मिळते, सुई टोचावी लागत नाही आणि तालुक्याच्या ठिकाणीही नमुना गोळा करता येतो. मग लाळेतील इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ यांवर प्रबंध घ्यावा का?

प्रतिसाद ४ : पेशीसंवर्धन

घेता येईल, पण प्रश्न बदलावा लागेल. लॉस एंजेलिस येथील गटाने २००४ मध्ये दाखवले की, तोंड आणि घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या लाळेत इंटरल्यूकिन-८ आणि रक्तात इंटरल्यूकिन-६ निरोगी लोकांपेक्षा जास्त असते. त्यानंतर जगभर, भारतातही, अशी पुष्कळ कामे झाली. अडचण तुलनेच्या गटात आहे. निरोगी दात असलेल्या तरुण विद्यार्थ्यांशी तुलना केली की फरक मोठा दिसतो. हिरड्यांचा जुनाट विकार असलेल्यांच्या लाळेतही हीच प्रथिने वाढलेली असतात आणि आपल्या रुग्णांपैकी बहुतेकांच्या हिरड्या खराबच असतात. त्यामुळे तुलनेच्या गटात खर्रा खाणारे, हिरड्यांचा विकार असलेले आणि सबम्यूकस फायब्रोसिसचे (तोंड आतून ताठ होत जाण्याच्या विकाराचे) रुग्ण घेतले नाहीत, तर मोजलेला आकडा कर्करोगाचा की हिरड्यांचा हे सांगताच येणार नाही.

शिवाय लाळ संपूर्ण तोंडाची बेरीज सांगते, तर सूक्ष्मदर्शी यांनी दाखवलेली घटना आघाडीच्या अगदी अरुंद पट्ट्यात घडते. लाळेत प्रमाण कमी असूनही त्या पट्ट्यात ते भरपूर असू शकते. नमुना कसा घेतला, तो बर्फात ठेवला का, किती वेळाने गाळला, यानेही आकडे हलतात. तालुक्याच्या ठिकाणी नमुना गोळा करण्याची तुमची कल्पना चांगली आहे, पण शीतसाखळीची व्यवस्था आधी पाहा.

प्रश्न : वाचक_अकोला

मी डॉक्टर नाही. माझ्या मोठ्या भावाला गालाचा कर्करोग झाला असून उपचार चालू आहेत. वर लिहिलेले सर्व समजले असे म्हणणार नाही, पण दाहामुळे रोग पसरतो एवढे कळले. मग दाह कमी करणाऱ्या गोळ्या आधीपासून दिल्या तर रोग थांबेल का? नातेवाईक रोज हळदीचे पाणी आणि हळदीच्या कॅप्सूल द्या म्हणतात. औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्याही सहज मिळतात. कृपया स्पष्ट सांगावे.

प्रतिसाद ५ : मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट (छत्रपती संभाजीनगर)

दादा, आपल्या भावाच्या प्रकृतीला लवकर आराम पडो. आपण विचारलेली शंका अगदी रास्त आहे आणि संशोधकांनीही तीच वेगवेगळ्या मार्गांनी तपासून पाहिली आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

वर ज्या कॉक्स-२ चा उल्लेख आला, त्याला रोखणारी सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीची जुनी, स्वस्त गोळी आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रोग फार पुढे गेलेल्या रुग्णांत मेथोट्रेक्सेट हे औषध कमी मात्रेत दर आठवड्याला आणि सोबत सेलेकॉक्सिब रोज, अशी तोंडाने घ्यायची पद्धत सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या इंजेक्शनाशी ताडून पाहिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ४२२ रुग्ण होते. गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान साडेसात महिने निघाले आणि इंजेक्शन घेणाऱ्यांचे ६.१ महिने. रुग्णालयात भरती न होता, कमी त्रासात आणि कमी पैशांत मिळालेला हा फायदा मला फार मोलाचा वाटतो. पुढे २०२३ मध्ये याच गोळ्या, एर्लोटिनिब ही कर्करोगावरची गोळी आणि निव्होलुमॅब या प्रतिकारशक्तीला जागवणाऱ्या औषधाची फक्त २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी, असा संयोग तपासला गेला. निव्होलुमॅब न मिळालेल्या गटात वर्षभराने १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते आणि ते मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. नेहमीच्या मात्रेचा हा एक लहानसा अंश असल्यामुळे सामान्य कुटुंबांना या माहितीचा मोठा आधार आहे.

आता सावधगिरीचा भाग. या चाचण्या संपूर्ण संयोगाच्या होत्या. एकट्या सेलेकॉक्सिबने रोग पसरण्याचे थांबते असे त्यांतून सिद्ध होत नाही. दाह सरसकट दाबणे हा उपायही नाही, कारण निव्होलुमॅबसारखे औषध ज्या टी-पेशींच्या (लिम्फोसाइटच्या एका प्रकाराच्या) जोरावर काम करते त्या टी-पेशीही दाहाच्याच यंत्रणेतल्या आहेत. कॅनाकिन्युमॅब या इंटरल्यूकिन-१-बीटाला रोखणाऱ्या औषधाचे उदाहरण बोलके आहे. हृदयरोग्यांवरील त्याच्या मोठ्या चाचणीत २०१७ मध्ये असे दिसले की, ते घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला. त्यावर मोठ्या आशा बांधल्या गेल्या, पण फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांना उपचार म्हणून ते दिल्यावर अपेक्षित फायदा मिळाला नाही. रोग होण्याआधी आणि रोग झाल्यानंतर त्याच प्रथिनाचे महत्त्व सारखे राहत नाही.

हळदीबद्दल. हळदीतील कर्क्युमिन काचपात्रातल्या पेशींत एनएफ-कप्पा-बी दाबते, हे खरे आहे. पोटात घेतलेल्या कर्क्युमिनचा फारच थोडा भाग रक्तात पोहोचतो, त्यामुळे काचपात्रातले परिणाम माणसात मिळतील असे धरून चालता येत नाही. भाजी-आमटीतली हळद अवश्य चालू ठेवा. कॅप्सूल मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नका, कारण काही औषधांचे रक्तातील प्रमाण त्याने बदलू शकते. वेदनाशामक गोळ्याही दुकानातून परस्पर आणू नका. त्यांनी मूत्रपिंड आणि जठर यांवर ताण येतो, हृदयाचा धोका वाढू शकतो, आणि भावाला सिस्प्लॅटिन किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर तो त्रास गंभीर होऊ शकतो. दुखत असेल तर सहन करायला सांगू नका, ओपीडीत स्पष्ट सांगा. वेदनेवर योग्य आणि पुरेशी औषधे आहेत.

घरातले आणखी कोणी खर्रा किंवा नुसती सुपारी खात असेल तर ती आजच बंद करायला लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू न मिसळताही, माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले आहे. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तिखट लागताच आग होत असेल किंवा गालाचा आतला भाग पांढुरका आणि ताठ झाला असेल तर तो सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतो. त्यात टीजीएफ-बीटामुळे कोलॅजन साचत जाते. केरळातील रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात अशा ७.६ टक्के रुग्णांना पुढे कर्करोग झाला. सवय सोडल्यावर ताठरपणा पूर्णपणे जात नाही, म्हणून नियमित तपासणी करत राहावे लागते. तीन आठवड्यांत न भरणारा कोणताही व्रण दंतवैद्याला दाखवावा.

पुन्हा : वाचक_अकोला

मनापासून धन्यवाद, डॉक्टरसाहेब. कॅप्सूल आजच थांबवतो आणि पुढच्या ओपीडीत घेतलेल्या सर्व गोळ्यांची यादी दाखवतो. धाकटा मुलगा सुपारी खातो, त्याला उद्याच दंतवैद्याकडे नेतो.

पुन्हा : अभिस्तर

दोन्ही नमुन्यांचे मेणातले ठोकळे परत काढून पाहिले. शल्यविशारद सरांनी सांगितलेल्या पद्धतीने मोजल्यावरही खोलीतील फरक एका मिलिमीटरच्या आतच आहे. आघाडी मात्र पूर्ण वेगळी दिसते. ग्रंथीत रोग सापडलेल्या गाठीतून सुटलेले पुंजके मुख्य गाठीपासून एक मिलिमीटरहून अधिक दूर आहेत आणि त्यांच्याभोवती न्यूट्रोफिल आहेत. दुसऱ्या गाठीत लिम्फोसाइटचा पट्टा जवळजवळ सलग आहे. लाळेचा विचार बाजूला ठेवून आघाडीवरील ई-कॅडहेरिन आणि फॉस्फेट चढलेले स्टॅट-३ यांचे शेजारशेजारच्या कापांवर रंजन करावे आणि मानेच्या ग्रंथींच्या निकालाशी ते ताडून पाहावे, असे मार्गदर्शकांशी बोलून ठरवले आहे. जुने ठोकळे वापरले तर फॉस्फेटची खूण टिकून राहते का, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद ६ : सूक्ष्मदर्शी

तो सर्वांत नाजूक भाग आहे. नमुना शरीराबाहेर आल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावात) पडेपर्यंत जितका उशीर होतो तितकी ही खूण पुसट होते. मोठ्या नमुन्याच्या आतल्या भागात फॉर्मॅलिन सावकाश शिरते, त्यामुळे एकाच ठोकळ्यात कडेला रंग आणि मध्ये काहीच नाही असेही होते. म्हणून जुन्या ठोकळ्यांत केवळ ई-कॅडहेरिन आणि पुंजक्यांची मोजणी करा. स्टॅट-३ साठी यापुढे येणारे नमुने वापरा आणि शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांशी बोलून नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ डब्यावर लिहून घ्या. प्रत्येक काचेवर रक्तवाहिनीच्या आतल्या पेशी किंवा लिम्फोसाइट रंगले आहेत का ते आधी पाहा. तेही कोरे असतील तर कर्कपेशींत रंग नसण्याला अर्थ नाही, ती काच मोजणीतून वगळा. आघाडीवरील मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि मानेचा निकाल दोघांनाही तोपर्यंत माहीत नसावा.